बाळ-बाळंतीण खुशाल

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून बाळंतपणाचं कार्ड यायचं, त्याचा मजकूर जवळजवळ ठरलेला असे. वर श्री, मग नमस्कार-आशीर्वाद, मग अमुक वारी सौ. मोकळी झाली, मुलगा की मुलगी ते, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत, काळजी करू नये, आणि शेवटच्या ओळीत औषधपाण्याला पैसे पाठवण्याचं. माझे वडील एका कापडगिरणीच्या साचेखात्यात होते. आम्हा भावंडांच्या जन्माची अशी कार्डं त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सुतळीनं बांधून ठेवलेली होती. नावं आणि तारखा सोडल्या तर सगळी सारखी. त्यांतल्या एका बाळंतपणानंतर माझी आई दोन-अडीच महिने कुणाशी धड बोलत नव्हती. ताट पुढं आलं तरी हात लावत नव्हती. माझ्या भावाला पाजायच्या वेळी आजी त्याला उचलून तिच्या मांडीवर ठेवायची आणि पाजून झालं की उचलून न्यायची. हे मला मावशीनं सांगितलं, तेही वडील गेल्यावर. वडिलांना यातलं काही कळलं नाही. त्या खेपेच्या कार्डावरही खुशालच लिहिलेलं आहे.

पुढं मी परिचारिका झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षं मुंबईत महापालिकेच्या प्रसूतिगृहात काढली. बाळंतपणानंतर बाईचं मन आजारी पडतं तेव्हा नवऱ्याला ते का दिसत नाही, हा प्रश्न मला तिथं रोज भेटत होता. बायका एकमेकींत म्हणतात, पुरुषाला काय कळणार बाईचं. मला हे उत्तर पुरत नाही. कळण्याची वाट बंद असेल तर माणसाला कळणार कसं? आपल्याकडं ती वाट रिवाजानं बंद केली, नोकरीनं केली, कायद्यानंही केली. हे कसकसं घडत गेलं ते नीट मांडून ठेवावं असं मला बरेच दिवस वाटत होतं.

आधी कार्डाचंच घेऊ. हिंदुस्थानात पोस्टकार्ड निघालं १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला एक. त्याच्या वीस-पंचवीस वर्षं आधी मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातून, घाटावरून पुरुष येऊ लागले होते. पुरुष मुंबईत आणि बायको, आई-बाप, तुकडाभर जमीन गावाला, असा संसार पिढ्यान्‌पिढ्या चालला. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीनं निजायचं, खानावळीत जेवायचं आणि शिमग्याला, मे महिन्यात नाहीतर गणपतीला गावी जायचं. कोकणात रेल्वे नव्हती. ती पूर्ण धावू लागली १९९८ साली. त्याआधी भाऊच्या धक्क्यावरून बोट, पुढं एसटी. बायको श्रावणात बाळंत झाली तर गणपतीला बाळाचं तोंड दिसायचं. दिवाळीनंतर झाली तर थेट शिमग्याला, तोवर बाळ पालथं पडायला लागलेलं असायचं.

आणि कार्ड लिहीत होतं कोण? बायकोला लिहिता येत नव्हतं. सांगणार सासरा किंवा बाप, लिहिणार शाळेचे मास्तर नाहीतर पोस्टमन, आणि इकडं नवऱ्यालाही वाचता येत नसेल तर वाचून दाखवणार खोलीतला कुणी चार बुकं शिकलेला. नवरा-बायकोच्या मध्ये निदान दोन-तीन पुरुष. शिवाय कार्ड उघडं, वाटेत कुणीही वाचावं. 'रात्रभर झोप लागत नाही, बाळाकडं बघवत नाही, विहिरीकडं जावंसं वाटतं' हे कुठली बाई सासऱ्याच्या तोंडून मास्तरांना लिहायला सांगेल? वडिलांवर मी कधी रागावू शकले नाही, ते यासाठी. त्यांनी पैसे वेळेवर पाठवले, मनिऑर्डरीच्या पावत्याही ट्रंकेत होत्या. त्यांच्यापर्यंत जेवढं पोचलं तेवढ्याला त्यांनी उत्तर दिलं.

नवरा मुंबईला नसून गावातच असता तरी फार फरक पडला नसता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कोकणात, देशावर, विदर्भात सगळीकडं. ओटीभरण झालं की मुलगी माहेरी जायची आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की परतायची. बाळंतिणीची खोली आतली, अंधारी, वारा लागू नये म्हणून झरोकेसुद्धा गोणपाटानं बंद केलेले. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, कानांत कापसाचे बोळे, डोक्याला घट्ट रुमाल. सुईण येऊन तेल चोळायची, पोट बांधायची. खायला डिंकाचे आणि मेथीचे लाडू, अळिवाची खीर. दहा दिवस सोयर, सव्वा महिना विश्रांती. जावई बारशाला आला तर पडवीत बसायचा. बाळाला बाहेर आणून त्याच्या हातात देत, बाळंतीण आतच राही. चहा-पोहे होऊन तो संध्याकाळच्या गाडीनं परत. कितीतरी घरांत जावयानं बायकोला पाहिलं ते तिला सासरी न्यायला आला तेव्हाच.

त्या खोलीबद्दल मला आदर आहे. आणि तो नुसता लाडवांसाठी नाही. बाळंतिणीला एकटं टाकायचं नाही, हा तिथला कडक नियम होता. उशाखाली विळा किंवा कोयता ठेवायचा. पाचवीच्या रात्री सटवी येते म्हणून जागायचं. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, अळवंत होते आणि ओल्या बाळंतिणीला धरते अशी भीती होती, म्हणून रात्रंदिवस कुणीतरी बाजेशी बसलेलं असे. बाळंतपणानंतरचं सर्वांत घातकी मानसिक दुखणं, ज्यात बाईला भास होतात, झोप पूर्ण उडते, बाळ आपलं नाहीच असं वाटू लागतं, ते बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतं. म्हणजे भुताच्या भीतीनं बसवलेला पहारा नेमका धोक्याच्या दिवसांवर बसलेला होता. त्या पहाऱ्यानं किती बायका वाचल्या असतील ते मोजता येणार नाही, पण वाचल्या असणार, असं माझं नर्स म्हणूनही मत आहे.

पण पहारा बायकांचा होता आणि त्यांचं ज्ञान त्या उंबऱ्याबाहेर जात नव्हतं. हे ज्ञान तसं नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे की रागानं, शोकानं आणि बाळाविषयी माया न वाटल्यानं आईचं दूध आटतं. आईला बाळाची माया न वाटणं ही गोष्ट घडते, हे वैद्यांना इतकं जुनं ठाऊक होतं. सुईणींनाही ठाऊक होतं. त्या तिला बाळंतवात म्हणत, वारं लागलं म्हणत आणि काढा देत. दुखणं हटलं नाही की बाहेरचं झालं असं ठरायचं, गाऱ्हाणं घातलं जायचं, अंगारा लावला जायचा, कोंबडं जायचं. नवऱ्याच्या कानावर प्रकरण जायचं ते या टप्प्यावर, आणि तेही 'तुझ्या बायकोला बाधा झाली' अशा शब्दांत. बाधेला बायको जबाबदार नाही, तसा नवराही नाही. त्यानं करायचं एवढंच, की ती बरी होईपर्यंत तिला माहेरी राहू द्यायचं. लवकर बरी झाली नाही तर दुसरं लग्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्येला बंदी आली १९४६ च्या कायद्यानं. त्याआधी 'बाळंतपणात बिघडली' म्हणून माहेरी पडलेल्या आणि तिथंच म्हाताऱ्या झालेल्या बायका आमच्या गावात होत्या. लहानपणी आम्ही त्यांना वेड्या आत्या म्हणायचो. त्यांच्यातल्या एकीचा मुलगा सावत्र आईकडं वाढला आणि मुंबईत गिरणीला लागला.

नवऱ्याचा विषय निघाला की मराठी वाचकाला गोपाळराव जोशी आठवतात, बायकोला शिकवण्याच्या त्यांच्या हट्टासाठी. मला त्या घरात आधी झालेलं बाळंतपण आठवतं. आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत मूल गेलं. फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून त्या १८८६ साली डॉक्टर झाल्या तेव्हा प्रबंधाला विषय घेतला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. परक्या देशात, थंडीत, आजारी शरीरानं ही मुलगी जुन्या ग्रंथांतली सूतिकेची निगा इंग्रजीत मांडत होती. पुढच्याच वर्षी पुण्यात त्या गेल्या, बाविसाव्या वर्षाच्या आत. त्या जगत्या तर बाळंतिणीच्या मनाबद्दल मराठीत पहिलं पुस्तक त्यांनीच लिहिलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

गिरणीत काम करणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी. त्या नवऱ्याबरोबर चाळीत राहायच्या आणि सगळ्यांनाच माहेर गाठणं जमत नसे. खोलीत पडदा लावून दाई बाळंतपण करी, नवरा बाहेर गॅलरीत बसे. थोड्याच दिवसांत बाई परत खात्यात जायची आणि तान्ह्यानं झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जायची. मुंबई कायदेमंडळात १९२८ साली प्रसूतिलाभाचं विधेयक आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, आणि तिचा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा, असं त्यांनी सांगितलं. १९२९ साली कायदा झाला. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका त्या कायद्यानं मिळालेल्या बाळंतपणाच्या पैशाबद्दल आदरानं बोलायच्या. मग १९६१ चा देशभराचा कायदा आला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. हे सगळं चांगलंच झालं. पण या साऱ्या मजकुरात नवऱ्याला काही कर्तव्य नाही आणि रजाही नाही. बाळंतपण ही आईची, मालकाची आणि सरकारची बाब. घरातला तिसरा माणूस, जो रात्री शेजारी झोपतो, तो या कायद्यांत कुठंच नाही.

डॉक्टरांनाही हे दुखणं उशिरा दिसलं. फ्रान्समध्ये लुई-व्हिक्तोर मार्से यांनी गरोदर, बाळंत आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या वेडाबद्दलचा ग्रंथ १८५८ साली लिहिला, पण त्यात होत्या त्या टोकाच्या आजारी बायका, वेड्यांच्या इस्पितळात पोचलेल्या. घरात राहून, स्वयंपाक करत, बाळाला न्हाऊ घालत आतून विझत जाणारी बाई ब्राइस पिट यांनी लंडनमध्ये १९६८ साली मोजली. दहांत साधारण एक. एडिंबराची दहा प्रश्नांची मोजपट्टी आली १९८७ साली. तिचा शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. आमच्या शिक्षणात रक्तस्राव, ताप, झटके यांवर धडे होते. मनावर दोन-चार ओळी, त्याही टोकाच्या वेडाबद्दल. त्यामुळं मुंबईच्या नवऱ्याच्या डोक्यातही दोनच खाने होते: बायको बरी, नाहीतर 'ठाण्याला न्यायची' झालेली. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून आहे आणि त्या गावाच्या नावानं गिरणगावात किती बायकांची तोंडं गप्प झाली ते मी पाहिलं आहे. रडू येतं म्हटलं तर ठाणं, म्हणून रडू येतं म्हणायचंच नाही.

प्रसूतिगृहाच्या दारावर पुरुषांना मनाईची पाटी होती. भेटीच्या वेळात ते डबा घेऊन यायचे आणि खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे, चपला बाहेर काढून. पाच-सहा आठवड्यांनी तपासणीला बाई परत येई तेव्हा बरोबर आलेल्या नवऱ्याशी जरा बोलता येई. खायला-प्यायला काय कमी आहे तिला? आमच्या आईला सात झाली, ती कधी अशी बसली नाही. मुलगी झाली म्हणून तोंड पाडून असेल. काम नको म्हणून करते. ही वाक्यं मी इतकी ऐकली की माणूस तोंड उघडायच्या आत कुठलं येणार ते समजे. आईचा दाखला सगळ्यात जास्त. पण त्या आईच्या बाळंतपणात हा माणूस स्वतः तान्हा होता आणि त्याचा बाप मुंबईला. ती अशी बसली होती की नव्हती, हे याला सांगणार कोण? मी हे उलट विचारायची, रागानं नाही. काही जण गप्प होत. एकदा एका माणसानं जाऊन गावच्या म्हातारीला खरंच विचारलं आणि पुढच्या भेटीला येऊन म्हणाला, सिस्टर, आई रडायला लागली.

मग १९८२ चा संप आला. १८ जानेवारीला गिरण्या बंद झाल्या आणि अडीच लाख कामगार घरी बसले. त्या संपानं गिरणगावाचं काय केलं हे पुष्कळांनी लिहिलं आहे. माझ्या खात्यातून दिसलेली एक बाजू सांगते. पुष्कळ कुटुंबं गावी परतली, पण जी इथं राहिली त्यांत पहिल्यांदाच दिवसभर नवरा आणि बाळंतीण एका खोलीत आली. पैसा नाही, दारूचं प्रमाण वाढलेलं, मारहाण वाढलेली. जखमा आम्हीच धुतल्या, ते विसरणार नाही. त्याच दिवसांत एक माणूस मात्र मला वेगळं विचारायला आला. म्हणाला, ती बाळ झोपलं तरी झोपत नाही, भिंतीकडं बघून बसते, परवा म्हणाली याला कुणाला देऊन टाका. हे त्याला दिसलं कारण तो तिथं होता. पाळीवर असता तर दिसलं नसतं. मी त्याला मोठ्या इस्पितळात मनोविकार विभागाची चिठ्ठी करून दिली. तो तिला घेऊन गेला. गोळ्या सुरू झाल्या, रात्रीचं बाळ त्यानं स्वतः सांभाळलं, गॅलरीत लंगोट वाळत घातले. चाळीतले लोक हसले तेव्हा त्यानं काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही, पण लंगोट वाळत घालणं थांबवलं नाही. तीन महिन्यांनी ती बाई एकटी बाळाला घेऊन लशीला आली.

गोव्यात म्हापशाच्या आझिलो इस्पितळात झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांनी २७० मातांची पाहणी केली. बाळ सहा ते आठ आठवड्यांचं असताना २३ टक्के माता नैराश्यात होत्या. त्यातल्या बऱ्याच जणी गरोदरपणातच खचलेल्या होत्या. गरिबी, नवऱ्याशी वाईट संबंध, मारहाण आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यामागची कारणं. पुढच्या वर्षी आलेल्या मुलाखतींच्या अभ्यासात या बायकांनी आपल्या त्रासाला आजार म्हटलं नाही, घरची ओढाताण आणि नवऱ्याचं वागणं यांच्याकडं बोट दाखवलं. मला त्या बायका बरोबर वाटतात. आजार तो आहेच, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, पण त्याच्या मुळांत नवरा आहे आणि औषधातही. भारतभरचे ३८ अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेला आकडा २२ टक्के आहे, म्हणजे पाचांत एकीहून जास्त.

आता बाळंतपण इस्पितळातच होतं. महाराष्ट्रात २००५-०६ ला शंभरातली पासष्टेक बाळंतपणं दवाखान्यात होत होती, २०१९-२१ ला पंचाण्णवच्या घरात. आशाताई घरी येतात आणि बाळाचं वजन, ताप बघतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभ्या केलेल्या कामातून ही गृहभेटींची पद्धत देशभर गेली. आशाताईंच्या तक्त्यात आईबद्दल एक ओळ आहे, ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का. गप्प बसते का, ही ओळ नाही. आणि पहारा देणाऱ्या बायका गेल्या. आजी नोकरीतून निवृत्त व्हायची आहे किंवा गुडघ्यांनी अधू, सुईण राहिली नाही. आईनं फार तर दोन महिने माहेरी ठेवून घेतलं की मुलगी डोंबिवली-विरारच्या वन बीएचकेत परत येते आणि दार लावलं की उरतो तो एकटा नवरा. शंभर-सव्वाशे वर्षं ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तोच आता आत उरला आहे.

म्हणून मी अजून जमेल तिथं नवऱ्यांशी बोलते. पहिल्या आठवड्यात उगीच रडू येणं बहुतेकींना होतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटूनही रडणं, चिडणं, बाळ झोपलं तरी झोप न येणं, आपण आई म्हणून नालायक आहोत असं म्हणणं चालूच असेल तर तिच्याबरोबर डॉक्टरकडं जावं, 'तू जाऊन ये' म्हणू नये. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं असतात, ती डॉक्टर निवडून देतात. भास, अतोनात बडबड, रात्रच्या रात्र जागरण, बाळाबद्दल विचित्र शंका, मरणाची भाषा, यांतलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. तिला आणि बाळाला एकटं सोडू नये. दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की तीन वर्षांखालच्या मुलाला सहसा आईपासून तोडू नये. हे सांगितलं की ठाण्याची भीती थोडी कमी होते.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीतल्या एका मुलानं, जो केंद्र सरकारच्या कार्यालयात आहे, मला विचारलं की पितृत्व रजा कधी घेऊ. त्यांना १५ दिवस मिळतात, बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत घेता येतात. सगळे जण बारशाच्या सुमारास घेतात. मी त्याला म्हटलं, तेव्हा तिच्याजवळ आई आहे, मावशी आहे, बाई आहे. ती माहेरून परत येईल त्या दिवसापासून घे. त्यानं तशी घेतली. दुसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला, ती जेवत नाही आणि विचारलं की नुसती मान हलवते. मी नाव आणि पत्ता दिला आणि दोघं त्याच संध्याकाळी डॉक्टरकडं गेले. डॉक्टरांनी त्याला बाहेर थांबायला सांगितलं नाही. दोघांना समोर बसवून आधी तिला विचारलं, मग त्याला.